न वाहिलेला वारा : प्रस्तावना

वारा अडवायचा असेल तर कुंपणाला भोके ठेवावी लागतात. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बागेच्या कडेने शेवरी किंवा गजराज गवत लावणाऱ्याला, उन्हाळ्यात हिरवी जाळी ताणणाऱ्याला हे कोणी समीकरणे मांडून शिकवलेले नाही. जाळीतून वारा आत येतो, पण पाने फाडत येत नाही, एवढा त्याचा अनुभव. खरे प्रश्न त्यानंतर सुरू होतात. वारा कमी होतो म्हणजे नेमका किती? दहा फूट उंच जाळीमागे कितव्या ओळीपर्यंतच्या झाडांना तिचा उपयोग? जाळीत मोकळी जागा निम्मी असावी की पाव? वारा तिरपा आला तर? या प्रश्नांची उत्तरे माहितीपुस्तिकांत छापलेली असतात: उंचीच्या दहा पट, पंधरा पट, वीस पट. ते आकडे कुठून आले, कोणी मोजले आणि मोजताना पायाखालची जमीन कशी होती, हे मात्र त्यांत सहसा नसते. हे पुस्तक त्या आकड्यांच्या जन्मस्थळी, म्हणजे प्रयोगाच्या माळावर, वाचकाला घेऊन जाते.

विषय एका वाक्यात मावतो. मोकळ्या माळावर सच्छिद्र कुंपण उभे करायचे, त्याच्या पुढे आणि मागे वारा मोजायचा आणि दोन्हींची तुलना करायची. शाळकरी मुलाला सुचावा असा हा प्रयोग. तरीही शंभराहून अधिक वर्षे वनअधिकारी, हवामानशास्त्रज्ञ आणि पूल-इमारतींचे इंजिनिअर तो पुन्हा पुन्हा करत आले आहेत, आणि हाती आलेले आकडे एकमेकांशी पुरते कधीच जुळलेले नाहीत. यात कोणाचा हलगर्जीपणा नाही. कुंपणामागे आत्ता किती वारा आहे ते यंत्र सांगेल. पण कुंपण नसते तर याच जागी, याच क्षणी किती वारा वाहिला असता, हे सांगणारे यंत्र नाही. आडोसा म्हणजे या दोन वाऱ्यांचे गुणोत्तर, आणि त्यातल्या छेदातला वारा कधी वाहिलेलाच नसतो. या विषयातले निम्मे वाद त्या छेदाचे आहेत, असे माझे मत आहे, आणि पुस्तक वाचताना वाचकाने सतत त्या छेदावर नजर ठेवावी म्हणून ही प्रस्तावना जरा लांबवतो आहे.

आधी भोकांबद्दल. पाण्याला बांध घातला की पाणी साठते. वाऱ्याला घातला तर तो वरून जातो. भरीव भिंतीपुढे हवेचा दाब वाढतो, वारा वर चढतो, माथ्यावरून वेगाने सुटतो आणि पलीकडे काही अंतरावर पुन्हा जमिनीला भिडतो. भिंतीच्या पाठीशी दाब कमी असतो, त्यामुळे तिथली हवा उलटी फिरते. भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या माणसाला वारा थांबल्यासारखा वाटतो, पण जमिनीवरचा पाचोळा मात्र भिंतीच्या दिशेने येत असतो. सच्छिद्र कुंपणात हवेचा काही भाग भोकांतून पार होतो. पार होताना त्याची गती घटते, कारण प्रत्येक फळी, प्रत्येक दोरा त्याला थोडे थोडे रोखतो. हा मंद झोत वरच्या वेगवान वाऱ्याच्या आणि जमिनीच्या मध्ये पसरतो. वरच्या वाऱ्याला खाली यायला त्यामुळे उशीर लागतो आणि उलटा भोवरा धरत नाही. म्हणून आडोशाच्या जुन्या-नव्या साहित्यात मोकळ्या जागेचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास असावे, ही शिफारस वारंवार दिसते. एवढ्या सच्छिद्र कुंपणामागे वारा सर्वांत मंद असतो तो कुंपणाला लागून नव्हे, तर उंचीच्या चार ते सहा पट अंतरावर. पुढे वीस-तीस पट अंतरापर्यंत थोडीफार घट यंत्राला जाणवत राहते. कुंपणाच्या अलीकडेही, वारा येतो त्या बाजूला, दोन ते पाच पट अंतरापासून वेग उतरू लागतो, आणि हे नेमके मापन करणाऱ्याला छळते. त्याचे कारण पुढे येईलच.

अंतर मीटरमध्ये न सांगता उंचीच्या पटीत सांगण्याची ही रीत सर्वांनी मान्य केलेली आहे आणि ती सोयीची आहे. पण तिच्यामुळे असा समज होतो की तीन मीटरच्या जाळीला जे लागू ते तीस फुटी सुरूच्या रांगेलाही लागू. अर्धेच खरे आहे ते, आणि उरलेले अर्धे ज्याने शोधले तो माणूस या पुस्तकातला माझा आवडता.

त्याच्याकडे जाण्यापूर्वी डेन्मार्कची पार्श्वभूमी सांगायला हवी. १८६४ च्या युद्धात डेन्मार्कने दक्षिणेकडचा मोठा मुलूख गमावला. उरलेल्या देशात, जटलंडच्या पश्चिमेला, वाळूमिश्रित ओसाड माळ पसरलेले होते. ते लागवडीखाली आणायचे म्हणून १८६६ मध्ये एन्रिको डाल्गास यांच्या पुढाकाराने माळसुधारणेची संस्था स्थापन झाली. त्या मुलखावर उत्तर समुद्राचा वारा सरळ येतो. बी उडते, माती उडते. म्हणून शेताच्या बांधांवर झाडांच्या रांगा लावणे हे तिथे जवळपास राष्ट्रीय काम झाले. रांगा लागल्या, पिके सुधारली, आणि मग सरकारपासून शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांना तोच प्रश्न पडला: दोन रांगांमध्ये अंतर किती ठेवायचे? फार जवळ लावल्या तर जमीन वाया, फार लांब लावल्या तर मधल्या पिकाला आडोसाच नाही.

वाऱ्याचे प्रयोग करण्याची हौसही त्या देशात जुनी. कोपनहेगनच्या गॅस कारखान्याचे संचालक इर्मिंगर यांनी १८९० च्या दशकात कारखान्याच्या धुराड्याच्या ओढीने एका पेटीतून हवा खेचली आणि तिच्यात घरांच्या लहान नमुन्यांवरचा दाब मोजला. विंड टनेलच्या पहिल्या पिढीतला हा एक. (धुराडे फुकट, वारा फुकट. संशोधनाचे अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्यांनी हे वाक्य वाचू नये.)

मार्टिन येन्सन यांचे काम या परंपरेत बसते आणि तिला धक्काही देते. आडोशाचा परिणाम हाच विषय घेऊन १९५४ मध्ये त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी उघड्या शेतांत खऱ्या कुंपणांमागचा वारा मोजला, आणि तेच कुंपण लहान करून टनेलमध्येही ठेवले. दोन्ही निकाल जुळेनात. टनेलमधले कुंपण शेतातल्या कुंपणापेक्षा जास्त लांबवर आडोसा देत होते. त्या काळातले टनेल विमानांच्या अभ्यासाच्या वळणाचे होते, आतून गुळगुळीत आणि हवा शांत. विमानाच्या पंखाला ते ठीक. शेतावरचा वारा मात्र गवतावरून, ढेकळांवरून, पिकांवरून घासत आलेला असतो. तो खालच्या थरात मंद, वरच्या थरात वेगवान आणि सगळीकडे खळबळलेला असतो. कुंपणामागची मंद हवा पुन्हा वेग घेते ती याच खळबळीमुळे, कारण तीच वरचा वेग खाली आणते. टनेलमध्ये खळबळ नाही, म्हणून आडोसा लांबतो.

येन्सन यांनी टनेलच्या जमिनीवर खडबडीत थर बसवले आणि नियम काढला: कुंपण जितक्या पटीने लहान केले, जमिनीचा खडबडीतपणाही तितक्याच पटीने लहान करा. हवामानशास्त्रात जमिनीच्या खडबडीतपणाला एक लांबी असते. आखूड गवताची ती एक-दोन सेंटिमीटरच्या घरात येते, झाडाझुडपांच्या मुलखात त्याच्या कितीतरी पट. दोन मीटर उंच कुंपण दोन सेंटिमीटर खडबडीतपणाच्या माळावर असेल तर दोहोंचे गुणोत्तर १०० भरते. टनेलमध्ये पाच सेंटिमीटरचे कुंपण ठेवले तर तिथली जमीन अर्ध्या मिलिमीटरची हवी; त्याहून गुळगुळीत असेल तर निकाल शेताला लागू करू नये. १९५८ मध्ये त्यांनी हा नियम सर्वच नैसर्गिक वाऱ्याच्या नमुन्यांसाठी मांडला, आणि आज इमारतींच्या वाऱ्याचा अभ्यास करणारे त्या गुणोत्तराला येन्सन अंक म्हणतात. गगनचुंबी इमारतींच्या चाचण्यांना वळण लावणारा नियम शेताच्या बांधावर जन्मला, ही गोष्ट इंजिनिअरिंगच्या वर्गात सांगायला हवी. आपल्या विषयापुरता अर्थ असा की उंचीच्या किती पट आडोसा, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. त्याच उंचीचे कुंपण गुळगुळीत जमिनीवर लांब आडोसा देते, खडबडीत जमिनीवर आखूड.

आता छेदाकडे वळू. न वाहिलेला वारा मोजता येत नाही, म्हणून त्याच्या जागी दुसरा कुठलातरी वारा उभा करावा लागतो. बहुतेक प्रयोगांत कुंपणापासून दूर, मोकळ्या जागी एक खांब उभारतात आणि तिथला वारा म्हणजे कुंपण नसतानाचा वारा असे मानतात. हा खांब कुंपणाला फार जवळ असेल तर त्याच्यापर्यंत कुंपणाचा परिणाम पोचतो, छेद लहान होतो आणि आडोसा प्रत्यक्षाहून कमी दिसतो. फार दूर असेल तर तिथली जमीन, तिथला चढ-उतार वेगळा. दुसरा मार्ग म्हणजे कुंपण उभारण्याआधी त्याच जागी काही काळ मोजणे. त्यात जागा तीच राहते, पण वारा वेगळ्या दिवसाचा, वेगळ्या उन्हाचा असतो. चांगल्या प्रयोगात दोन्ही करतात.

उंचीची गफलत याहून मोठी, आणि ती इतकी सहज होते की एकदा हिशेब करून पाहणे बरे. सपाट गवताळ माळावर, खडबडीतपणा दोन सेंटिमीटर धरला तर, १ मीटर उंचीवरचा वारा १० मीटर उंचीवरच्या वाऱ्याच्या सुमारे ६३ टक्के असतो. हवामान केंद्रांची वारा मोजण्याची प्रमाण उंची १० मीटर. समजा कोणी कुंपणामागे पिकाच्या उंचीला, १ मीटरवर, यंत्र लावले आणि तुलनेसाठी जवळच्या हवामान केंद्राचा आकडा घेतला. कुंपण उपटून टाकले तरी त्याला ३७ टक्के आडोसा मिळेल. असे टक्के विक्रीच्या पत्रकांत दिसले की पहिला प्रश्न विचारावा: छेदातला वारा कोणत्या उंचीचा?

यंत्रांचा इतिहास पुस्तकात विस्ताराने आला आहे, मी इथे फक्त त्यांच्या स्वभावाबद्दल लिहितो. वाट्यांचा अॅनिमोमीटर आयर्लंडच्या आर्मा वेधशाळेतल्या रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये केला. त्याला चार वाट्या होत्या. तीन वाट्यांचे रूप १९२० च्या दशकात कॅनडाच्या पॅटरसन यांच्या कामातून रूढ झाले. स्वस्त, टिकाऊ, कुठल्याही दिशेच्या वाऱ्याला चालणारे हे यंत्र आजही पहिली पसंती आहे. मात्र झुळूक आली की ते चटकन वेग घेते आणि झुळूक ओसरली की सावकाश उतरते, त्यामुळे खळबळलेल्या वाऱ्यात सरासरी थोडी चढी दाखवते. फार मंद वाऱ्यात त्याच्या वाट्या फिरतच नाहीत, तिथे सरासरी उतरती. आणि वारा उलटा वाहत असेल तर ते यंत्राला कळतच नाही. मंद वारा, खळबळ आणि उलटी हवा, तिन्ही गोष्टी कुंपणामागेच असतात. म्हणजे जिथे मोजायचे तिथेच यंत्र अडखळते.

सोनिक अॅनिमोमीटर ध्वनीचा उपयोग करतो. समोरासमोरच्या दोन टोकांत आवाज दोन्ही दिशांनी पाठवायचा. वाऱ्याबरोबर जाणारा लवकर पोचतो, विरुद्ध जाणारा उशिरा, आणि त्या फरकातून वेग निघतो. अशा तीन जोड्या असल्या की वाऱ्याचे तिन्ही घटक सेकंदाला वीस-वीस वेळा मिळतात. मग नवाच प्रश्न उभा राहतो. दहा मिनिटांची सरासरी कशाची काढायची? क्षणोक्षणीच्या वेगाची, दिशा विसरून? की दिशेसकट, म्हणजे पुढे गेलेल्या वाऱ्यातून मागे आलेला वजा करून? कुंपणामागे दोन्ही आकड्यांत ठळक फरक पडतो. केळीच्या पानाला दिशेचे सोयरसुतक नसते, त्याला पहिली सरासरी लागू. संगणकावरचे प्रतिमान बहुधा दुसरी सरासरी देते. दोन्हींना नुसते वाऱ्याचा वेग म्हटले की तुलना फसते.

शेतांवरच्या प्रयोगांपैकी दोन लहान कुंपणे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहेत. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या बंजेंडोर इथे ब्रॅडली आणि मुलहर्न यांनी उभारलेले कुंपण अवघे १.२ मीटर उंच, निम्मे मोकळे. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची मापने पुढे संगणकी प्रतिमाने तपासण्याची कसोटीच ठरली. कॅनडात अल्बर्टामधल्या एलर्स्ली इथे जॉन विल्सन यांचे कुंपण १.२५ मीटर उंच आणि ११४ मीटर लांब. इतकी बुटकी कुंपणे का, असे वाटेल. कारण लांबी. ११४ मीटर म्हणजे उंचीच्या नव्वद पट. मधोमध यंत्रे लावली की टोकांवरून वळून येणारा वारा त्यांच्यापर्यंत पोचत नाही, आणि कुंपण जणू अमर्याद लांब आहे असे मानून हिशेब करता येतो. तीन मीटरचे कुंपण त्या प्रमाणात करायचे तर पाव किलोमीटरहून लांब बांधावे लागेल.

पुस्तकाचा मध्य ज्या प्रयोगाने व्यापला आहे त्याने ही चैन केली नाही. रिसो हे रोस्किल्ड खाडीत शिरलेले जमिनीचे टोक, कोपनहेगनच्या पश्चिमेला. नील्स बोर यांच्या पुढाकाराने तिथे उभारलेल्या अणुसंशोधन केंद्राचे उद्घाटन १९५८ मध्ये झाले. अणुभट्टीतून काही सुटलेच तर वारा ते कुठे नेईल, हे समजायला हवे म्हणून वाऱ्याचा अभ्यास सुरुवातीपासूनच होता. १९७८ मध्ये तिथे पवनचक्क्यांचे चाचणीकेंद्र सुरू झाले, १९८५ मध्ये डेन्मार्कने अणुऊर्जेचा मार्ग सोडला, आणि वाऱ्याचा अभ्यास मागे उरला तो वाढतच गेला. आज ती जागा डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाकडे आहे. पश्चिमेचा वारा खाडीच्या पाण्यावरून येतो, मग गवताळ जमिनीवर चढतो.

तिथे ३ मीटर उंच आणि ३० मीटर लांब कुंपण उभारले. काही काळ ते भरीव ठेवले, काही काळ सच्छिद्र. त्याच्या मागे खांबांची रांग लावली नाही, कारण खांब आणि त्याचे आडवे हात स्वतःच वारा अडवतात, आणि एक यंत्र एकाच बिंदूची खबर देते. त्याऐवजी तीन लिडार वापरले. लिडार लेझरचा झोत हवेत सोडतो. हवेतल्या सूक्ष्म कणांवरून परतणाऱ्या प्रकाशाची कंप्रता कणांच्या वेगानुसार किंचित बदललेली असते, आणि त्या बदलातून झोताच्या रेषेतला वेग कळतो. एक लिडार एकाच रेषेतला वेग सांगतो, म्हणून तीन ठिकाणांहून तीन झोत एकाच बिंदूवर रोखायचे आणि तो बिंदू कुंपणामागच्या उभ्या प्रतलात फिरवत न्यायचा. कुंपणाला हात न लावता त्याच्या मागच्या वाऱ्याचे पूर्ण उभे चित्र हाती येते.

मला या प्रयोगात सर्वांत पटली ती त्याची पहिली पायरी. कुंपणाचा परिणाम नसतानाच्या वाऱ्यात लिडारचे आकडे शेजारच्या खांबावरच्या सोनिकशी जुळतात का, हे आधी पाहिले. जुळले. खांबापाशी येणाऱ्या वाऱ्याची उंचीनुसार वाढ अपेक्षित नियमाप्रमाणे आहे का, हेही तपासले. छेद असा पक्का केल्यावरच अंश मोजायला घेतला. अल्फ्रेडो पेन्या आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हे निकाल प्रसिद्ध केले.

निकाल असे. आडोसा सर्वांत दाट होता तो उंचीच्या सुमारे दीडपटीखाली, आणि काही परिस्थितींत तो मोजणीच्या शेवटच्या टोकापर्यंत, म्हणजे ११ पट अंतरापर्यंत दिसला. मीटरमध्ये ३३. कुंपणाच्या उंचीखाली, कुंपणाच्या जवळ, सच्छिद्र कुंपणाचा परिणाम भरीव कुंपणापेक्षा सौम्य होता. दूरच्या पट्ट्यातले वेगाचे आलेख मात्र योग्य मापात मांडले की एकमेकांवर येऊन बसले. वारा जितका तिरपा, तितका आडोसा कमी. सर्वांत तिरप्या वाऱ्यात सहा पट अंतरापलीकडे तो उरलाच नाही.

हा शेवटचा निकाल भूमितीनेही समजतो, आणि ती भूमिती शेतकऱ्याच्या कामाची आहे. ३० मीटरच्या कुंपणाच्या मधोमध उभे राहा. दोन्ही टोके १५ मीटरवर. वारा ४५ अंशांनी तिरपा आला तर टोकाला वळसा घालून आलेला मोकळा वारा मध्यरेषेला १५ मीटरवर, म्हणजे उंचीच्या पाचपटीवरच, गाठतो. ३० अंशांनी आला तर सुमारे २६ मीटरवर. कुंपणाची जाळी कितीही चांगली असली तरी त्यापलीकडचे झाड तिच्या आडोशात नाहीच. आखूड कुंपण असेल तर जाळीतल्या भोकांपेक्षा वाऱ्याच्या दिशेचा प्रश्न मोठा, आणि बागेच्या चारही बाजूंनी आडोसा करण्याची आपली जुनी पद्धत या हिशेबात योग्यच ठरते. त्या आडोशात ट्रॅक्टरसाठी सोडलेले खिंडार मात्र वारा वेगाने आत घेते.

रिसोचा आणखी एक निष्कर्ष आपल्याकडे फार जपून वापरावा लागेल. हवेचे थर स्थिर असताना, म्हणजे खालची हवा थंड आणि वरची उबदार अशा वेळी, आडोसा जास्त परिणामकारक दिसला. उलट बाजूचे काम त्याआधी चाळीसेक वर्षे इस्रायलमध्ये इडो सेगिनर यांनी केले होते: जमीन तापून हवा वर उसळत असते तेव्हा कुंपणाचा आडोसा घटतो. खानदेशातली एप्रिलची दुपार ही नेमकी तशी. केळीची पाने फाटतात तीही याच दिवसांत. तेव्हा थंड खाडीकाठी मोजलेला आकडा जसाच्या तसा उचलून खानदेशात लावला तर तो जितका बरा दिसेल तितका खरा असणार नाही. त्यात जमिनीचा खडबडीतपणाही वेगळा. शेजारी उभे पीक असेल तर येन्सन अंक घटतो आणि आडोसा आणखी आखडतो.

सच्छिद्रतेच्या आकड्यावरही फार विसंबू नये. फोटो काढून मोकळी जागा किती टक्के ते मोजता येते, पण वाऱ्याला लागणारा अडथळा त्यावरून पुरता ठरत नाही. चपट्या फळ्या आणि गोल तारा यांची मोकळी जागा सारखी असली तरी फळ्या वाऱ्याला जास्त अडवतात. झाडांच्या रांगेत तर जाडीही येते: वारा एका भोकातून आत शिरला तरी सरळ बाहेर पडत नाही. शेवरीची रांग आणि शेडनेटची जाळी यांची तुलना करायची तर दोन्हींमागचा वारा मोजावा, फोटो मोजू नयेत.

आडोसा जितका जास्त तितका चांगला, हे गृहीतही पुस्तकात तपासले आहे, आणि ते बरे झाले. वेग निम्मा झाला की वाऱ्याचा जोर एक चतुर्थांश होतो, म्हणून पानांचे आणि खोडांचे रक्षण करायला वारा पूर्ण थांबवण्याची गरजच नसते. शांत हवेत दिवसाचे तापमान आणि दमटपणा वाढतो, पाने उशिरा वाळतात आणि बुरशीला ते मानवते. निरभ्र थंड रात्री आडोशातली हवा बाहेरच्याहून जास्त गारठू शकते. न्यूझीलंडच्या रेन आणि स्टीव्हन्सन यांनी १९७७ मध्ये टनेलमधल्या प्रयोगांतून दाखवले की कुंपणामागे सुमारे आठ पट अंतरापर्यंत वारा मंद आणि शांत असतो, पण त्यापुढच्या पट्ट्यात खळबळ मोकळ्या माळाहूनही जास्त असू शकते. सरासरी वेग कमी आणि झोत जास्त, असा हा पट्टा. नुसत्या सरासरीवर समाधान मानणाऱ्याला तो दिसत नाही.

पुस्तकातली गणिते टाळून पुढे गेले तरी चालेल, पण प्रत्येक आलेखाखालची ओळ टाळू नये: कुंपणाची उंची आणि लांबी, यंत्रांची उंची, संदर्भाचा खांब कुठे, वारा कुठल्या दिशेचा, दिवस की रात्र. ज्या आलेखाखाली हे नाही, तो मी तरी मोजणीत धरत नाही.

वाचकांपैकी कोणी बागायतदार असतील, कृषी महाविद्यालयांत शिकणारे-शिकवणारे असतील. त्यांना एक विनंती. आपल्या जाळीमागचा वारा मोजा. वाट्यांचे दोन अॅनिमोमीटर पुरतात. आधी दोन्ही मोकळ्या जागी शेजारी शेजारी काही दिवस चालवा आणि त्यांच्यातला फरक लिहून ठेवा. मग एक वाऱ्याच्या बाजूला, जाळीच्या उंचीच्या किमान दहा पट अंतरावर, आणि दुसरे जाळीमागे, त्याच उंचीवर लावा. दिशा नोंदवा, वेळ नोंदवा. आणि निकाल कळवताना नुसता टक्का कळवू नका. दोन्ही वेग कळवा.